रेघ नसलेलं पान

आमच्या चर्चचं व्यासपीठ चौदा महिने रिकामं आहे.
पाळक ग्लासगोला गेले, बायकोच्या दुखण्यापायी,
आणि ल्यूइस बेटाच्या या टोकाला
दुसरं कुणी यायला तयार नाही.
रविवारी वडीलमंडळींपैकी कुणीतरी जुना उपदेश वाचून दाखवतं.
मर्डो वाचतो तेव्हा पान उलटायला बोट चाटतो
आणि आम्ही सगळे त्या बोटाकडे बघत बसतो.

मी कुरकुरायचो. पाळक होते तेव्हाही कुरकुरायचोच.
उपदेशात दम नाही.
स्तोत्र फार खालच्या पट्टीत उचललं.
मला इथं काही मिळत नाही.
"मिळत नाही" हे मी पन्नाशी उलटेपर्यंत म्हणत आलो,
रिकामं ताट वाजवणाऱ्या पोरासारखा.

मे महिन्यात डोलीना म्हातारीची पीट कापायला गेलो.
पीट म्हणजे दलदलीतली काळी, युगानुयुगं साचलेली माती;
विटांसारखी कापायची, वाऱ्यावर वाळवायची,
मग हिवाळाभर चुलीत घालायची.
डोलीना एक्क्याऐंशीची. चराच्या काठावर उभी,
डोक्याला घट्ट रुमाल, हाताने चिलटं वारत.
पातं रोवता रोवता मी तिला माझं सगळं गाऱ्हाणं ऐकवलं.

ती म्हणाली, "टॉर्किल, तुझ्या बापाने रचलेली गंजी
तो गेल्यावर किती पुरली?"
"दोन हिवाळे."
"आणि मग?"
मग काय. मग मी तेलाची शेगडी आणली, हप्त्यांवर.
ती हसली नाही. एवढंच म्हणाली,
"हा तुकडा तिरका कापलास बघ."

रात्री बापाचं शास्त्र काढलं.
काळं कातडं, पानांना अजून हेरिंगचा वास.
त्याच्या पेन्सिलीच्या रेघा जाड, ठाम,
जाळी ओढणाऱ्या हाताच्या.
आणि तिथं, दिव्याखाली, एकट्याला कळलं
की अकरा वर्षं मी फक्त रेघा वाचत होतो.
तो थांबला तिथं मी थांबायचो.
त्याचा घसा दाटला असेल तिथं माझाही दाटायचा.
दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पीत होतो
आणि वर ओरडत होतो, ओंजळ गळते म्हणून.

मग मुद्दाम एक पान शोधलं, एकही रेघ नसलेलं.
नावंच नावं. अमक्याचा मुलगा तमका,
तमक्याचा मुलगा आणखी कुणी.
दहा वाजले होते, बाहेर अजून उजेड.
चौथ्या नावाला मला डुलकी लागली.
बापालाही इथंच लागली असणार.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पान.
तिसऱ्या दिवशी नाही: सामनचे पिंजरे धुवायचे होते,
गुडघा दुखत होता, शिवाय फुटबॉल होता.
खरं तर फुटबॉलच होता.
चौथ्या दिवशी बसलो, आणि प्रार्थना करायला तोंड उघडलं
तर बापाचीच वाक्यं बाहेर आली, त्याच्याच सुरात,
समुद्रावरच्यांना सांभाळ वगैरे.
मी समुद्रावर जातच नाही, किनाऱ्याजवळ माशांना दाणे टाकतो.
तेव्हा गप्प बसलो. बराच वेळ.
मग म्हटलं, प्रभू, मी टॉर्किल.
पुढचं काही सुचलं नाही.

शनिवारी त्या नावांमधल्या एकाशी अडलो.
आईचं नाव होतं, सगळ्या बापांच्या मध्येच.
का बरं?
विचारायला पाळक नाहीत, बाप नाही.
सुरीने पेन्सिलीला टोक केलं
आणि समासात एक प्रश्नचिन्ह काढलं. वाकडं आलं.

वारा माझा नाही, हे मला ठाऊक आहे.
पीट मी वाळवत नाही, कुणीच वाळवत नाही,
ती वाळते, पश्चिमेकडून जे येतं त्याने.
पण ओल्या विटा उचलून, चार-चार टेकवून
उभ्या करायच्या असतात, म्हणजे वारा मधून जाईल.
तेवढ्यासाठी वाकावं लागतं,
आणि माझ्या वाटचं डोलीना वाकणार नाही.

आता माझाही एक चर आहे, तिच्या शेजारी. लहानसाच.
गुरुवारी विटा उभ्या करायच्या आहेत.
पाऊस असला तर शुक्रवारी.